काचबिंदू म्हणजेच काला मोतिया : ओळख, तपासणी, उपचार आणि रमजानमधले थेंब

काचबिंदू हा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नसेचा आजार आहे. या नसेचे तंतू हळूहळू मरत जातात आणि तेवढी नजर कायमची जाते. गेलेली नजर थेंबांनी, ऑपरेशनने किंवा चष्म्याने परत येत नाही. मात्र आजार वेळेत सापडला तर उरलेली नजर बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर टिकवता येते. म्हणून या आजारात तपासणीची वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

आपल्या बऱ्याच घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही चालतात, आणि नेमका इथेच एक घोटाळा होतो. उर्दूत मोतीबिंदूला मोतिया किंवा सफेद मोतिया म्हणतात आणि काचबिंदूला काला मोतिया. दोन्हींत ‘मोतिया’ हा शब्द असल्यामुळे लोकांना वाटते की दोन्ही एकाच जातीचे. मग जुना सल्ला निघतो : ‘मोतिया पिकू दे, मग काढू.’ मोतीबिंदूच्या बाबतीतही हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. काचबिंदूच्या बाबतीत तर तो सरळ अंधत्वाकडे नेतो, कारण इथे पिकण्यासारखे काही नसते. जे जाते ते जातच असते. डॉक्टरांनी ‘मोतिया आहे’ म्हटले की पहिला प्रश्न हा विचारा : ‘सफेद की काला?’

डोळ्यात नेमके काय होते

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. हा द्रव म्हणजे अश्रू नव्हेत. तो डोळ्याच्या आत तयार होतो, आतल्या भागांना पोषण देतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निचरा होऊन रक्तात मिसळतो. जेवढा तयार होतो तेवढाच बाहेर गेला की डोळ्यातला दाब ठीक राहतो. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो.

परसातल्या मोरीचे उदाहरण घ्या. नळ चालू आहे आणि मोरीच्या तोंडावर पाला अडकला, तर पाणी तुंबते. डोळ्यात जाळीचा निचरा कमी झाला की तसाच दाब वाढतो. हा दाब मागे डोळ्याच्या नसेवर पडतो. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. दाबामुळे ते थोडे थोडे निकामी होत जातात.

सर्वांत आधी बाजूची नजर कमी होते. समोरचे मात्र स्पष्ट दिसत राहते. पेपर वाचता येतो, मोबाइल दिसतो, समोरून येणारा माणूस ओळखता येतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो आणि उरलेली जागा मेंदू अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे माणसाला काळा डाग किंवा अंधार असे काही जाणवत नाही. तुम्ही विचारलेत तर तो खरेच सांगेल, ‘माका सगळा दिसता.’ तो खोटे बोलत नसतो. जे दिसत नाही ते आपल्याला दिसत नाही, हेच त्याला कळत नसते.

घरच्यांना मात्र काही खुणा दिसू शकतात. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागणे, पायरी चुकणे, बाजूने आलेली मोटारसायकल न कळणे, ताटाच्या कडेची वाटी हाताने सांडणे, संध्याकाळी जेटीवर किंवा होडीत चढताना चाचपडणे. अशा गोष्टींना आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. पण या खुणा दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, म्हणून खुणांची वाट पाहू नये.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांतला फरक

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. सगळेच धूसर दिसू लागते, त्यामुळे माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जातो. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की नजर परत येते. काचबिंदूत भिंग स्वच्छ असले तरी मागची नस खराब होते. माणसाला काही जाणवत नाही, म्हणून तो जात नाही. उपचारांनी पुढचे नुकसान थांबते, मागचे भरून येत नाही.

एकाच डोळ्यात दोन्ही आजार असू शकतात. शिबिरात मोतीबिंदू काढला, दिसायला लागले, आणि सगळे झाले असे समजून माणूस पुन्हा डॉक्टरकडे फिरकत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावरही डोळ्याचा दाब आणि नस कशी आहे हे विचारून घ्या. उलट बाजूनेही सावध राहा : मोतीबिंदू फारच जुना होऊ दिला तर भिंग फुगून किंवा त्यातला द्रव गळून दाब एकदम वाढू शकतो आणि त्यातूनही काचबिंदू होतो.

‘नेत्रदानातून मिळालेला डोळा बसवता येईल का?’ असेही लोक विचारतात. नेत्रदानातून पुढचा पारदर्शक पडदा बदलता येतो. मागची नस बदलता येत नाही. त्यामुळे काचबिंदूने गेलेल्या नजरेवर हा इलाज नाही.

प्रकार

उघड्या कोनाचा काचबिंदू : यात निचऱ्याची वाट उघडी दिसते, पण जाळी नीट काम करत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. वर्षानुवर्षे गुपचूप चालतो.

बंद कोनाचा काचबिंदू : यात निचऱ्याची वाटच अरुंद असते आणि कधी कधी अचानक बंद होते. आशियाई लोकांत, आणि त्यातही स्त्रियांत, हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो. अचानक बंद झाल्यास डोळ्यात आणि त्याच बाजूच्या डोक्यात जीवघेणी कळ, डोळा लाल, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत वलये आणि उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी पाहून घरचे पित्त समजतात, आले-लिंबू देतात आणि सकाळची वाट पाहतात. हा काही तासांचा खेळ असतो. अशी लक्षणे दिसली तर रात्र असो की भरपावसाळा, गाडी काढा आणि डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात पोहोचा.

सामान्य दाबाचा काचबिंदू : काहींच्या डोळ्याचा दाब मोजला तर ठीक असतो, तरी नस खराब होत जाते. म्हणून नुसता दाब मोजून ‘सगळं ठीक’ म्हणता येत नाही, नसही पाहावी लागते.

दुसऱ्या कारणाने होणारा काचबिंदू : डोळ्याला लागलेला मार, बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइड औषधे, डोळ्याच्या आतली सूज, किंवा मधुमेहामुळे खराब झालेला पडदा यांतून हा होतो.

जन्मजात काचबिंदू : तान्ह्या मुलाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसतात, सतत पाणी येते, उजेडात मूल डोळे मिटून घेते, बुबुळावर निळसर-पांढरी झाक येते. ‘किती मोठे सुंदर डोळे’ म्हणून कौतुक होते आणि वेळ जातो. अशा मुलाला आठवडाही न दवडता तज्ज्ञांकडे न्यावे. यात बहुतेक वेळा ऑपरेशनच करावे लागते आणि जितके लवकर तितके चांगले.

धोका कोणाला जास्त

वय ४० च्या पुढे गेलेल्या प्रत्येकाने हा विचार करायला हवा. त्यातही पुढील लोकांनी जास्त :

– आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर. सख्ख्या नात्यात धोका कित्येक पटींनी वाढतो.
– मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले.
– मोठ्या उणे नंबरचा चष्मा असलेले. मोठ्या अधिक नंबरवाल्यांत बंद कोनाचा प्रकार जास्त दिसतो.
– दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, त्वचेसाठी किंवा डोळ्यांच्या खाजेसाठी बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेले.
– पूर्वी डोळ्याला जोरदार मार बसलेले. क्रिकेटचा चेंडू, बेचकीचा दगड, फटाका, होडीवरचा सुटलेला दोर, नारळ सोलताना उडालेले सोडण : मार बसल्यानंतर डोळा बरा झाला तरी काही वर्षांनी त्याच डोळ्यात दाब वाढू शकतो.

आम्ही शाळेत मुलांना हे सांगतो की डोळ्याला मार लागला तर घरी लपवू नका. ओरडा बसेल म्हणून मुले लपवतात. पालकांनीही आधी ओरडण्याऐवजी आधी डोळा दाखवून आणावा.

सिंधुदुर्गातले चित्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वाची पाहणी करणारा एक अभ्यास २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अंधत्वाचे मोठे कारण मोतीबिंदू हेच दिसले. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पाहणीतही ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आणि काचबिंदूचा ५.५ टक्के आला.

हे आकडे वाचून काचबिंदू किरकोळ आहे असे वाटेल. पण या पाहण्या कशा होतात ते समजून घ्यायला हवे. गावोगावी जाऊन मुख्यतः समोरची नजर तपासली जाते : तक्त्यावरचे किंवा हातातल्या चित्रावरचे चिन्ह किती अंतरावरून ओळखता येते. बाजूची नजर तपासायला लागणारे यंत्र घरोघर नेता येत नाही. ज्याची बाजूची नजर बरीच गेली आहे पण समोरचे दिसते, असा माणूस या पाहणीत ‘दिसणारा’ म्हणून मोजला जातो. काचबिंदूचा रुग्ण आकड्यात येतो तो जवळजवळ सगळे गेल्यावरच.

काचबिंदूसाठीच केलेल्या अभ्यासांत वेगळे चित्र दिसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीच्या पुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूने ग्रस्त आहेत. दक्षिण भारतातल्या अभ्यासांत ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हते. जगाचा विचार केला तर २०२० साठीचा अंदाज ७ कोटी ६० लाख रुग्णांचा होता आणि २०४० पर्यंत तो ११ कोटींच्या वर जाईल असे म्हटले आहे.

आपल्या जिल्ह्याची घडण पाहिली तर हा प्रश्न आणखी जवळचा वाटेल. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार होती. कमावती मुले मुंबईत किंवा आखातात, आणि घरी म्हातारे आई-वडील. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत हीच स्थिती आहे. रोज सोबत राहणारे कोणी नसेल तर अम्मी उंबरठ्याला अडखळते किंवा अब्बा बाजूचा माणूस ओळखत नाहीत हे कोण बघणार? फोनवर विचारले तर उत्तर ठरलेले : ‘आमचं काय, सगळं ठीक आहे.’

तपासणीत काय काय होते

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. परदेशी नोकरीसाठी किंवा लायसन्ससाठी तक्ता वाचून घेतात, तेवढ्यानेही काचबिंदू कळत नाही. काचबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे या गोष्टी व्हायला हव्यात :

डोळ्याचा दाब मोजणे. डोळ्यावर हवेचा झोत सोडणारे यंत्र किंवा थेंबाने डोळा बधिर करून हलकेच टेकवायचे यंत्र, असे दोन प्रकार आहेत. दुसरा जास्त अचूक मानतात. दुखत नाही.

नस पाहणे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागची नस पाहतात. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवून जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या.

कोन पाहणे. आरशाचे छोटे भिंग डोळ्याला लावून निचऱ्याची वाट उघडी आहे की अरुंद ते पाहतात.

बाजूच्या नजरेची तपासणी. एका अर्धगोल यंत्रात समोर बघत राहायचे आणि कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचे. पहिल्या वेळी लोक गडबडतात, त्यामुळे ती पुन्हा करावी लागू शकते. घाबरण्यासारखे काही नाही, ही परीक्षा पास-नापासची नाही.

नसेच्या तंतूंचे स्कॅन, ज्याला ओसीटी म्हणतात, आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजणे. पडदा फार पातळ किंवा फार जाड असला तर दाबाचा आकडा फसवा येऊ शकतो.

कधी करावी? वयाच्या चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी. सगळे ठीक असेल तर पुढे साधारण दोन वर्षांनी एकदा. घरात काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर दरवर्षी. चाळिशीला तसाही जवळचा चष्मा लागतोच. त्या निमित्ताने दुकानात न जाता डॉक्टरकडे गेलात तर दोन्ही कामे होतात.

उपचार

सगळ्या उपचारांचा हेतू एकच, डोळ्याचा दाब कमी करणे. तीन मार्ग आहेत.

थेंब : बहुतेकांची सुरुवात यानेच होते. काही थेंब रोज एकदाच, रात्री घालायचे असतात, काही दिवसातून दोनदा. काही थेंबांनी डोळा थोडा लाल होतो, पापण्यांचे केस वाढतात. टिमोलोल या औषधाने दमा असलेल्यांना आणि नाडी मंद असलेल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून दमा असेल तर डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण सांगावे. यातली काही औषधे जनऔषधी केंद्रात कमी दरात मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्या.

लेझर : बंद कोनाच्या प्रकारात लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडून वाट मोकळी करतात. उघड्या कोनाच्या प्रकारात जाळीवर वेगळे लेझर करतात. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ताब्यात होता. सगळ्यांना हे लागू पडत नाही, पण ज्यांना रोज थेंब घालणे जमत नाही त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

ऑपरेशन : थेंब आणि लेझर पुरले नाहीत तर निचऱ्याची नवी वाट करून देतात. ऑपरेशननंतर नजर वाढेल अशी आशा ठेवू नये. ते उरलेली नजर वाचवण्यासाठी असते. हे आधी नीट समजून घेतले नाही तर नंतर ‘ऑपरेशन फुकट गेलं’ असा गैरसमज होतो आणि माणूस पुढची तपासणी सोडतो.

काचबिंदूचे रुग्ण औषध सोडतात ते का, याचे कारण सरळ आहे. थेंब घातल्याने काही बरे वाटत नाही आणि सोडल्याने काही वाईट वाटत नाही. बाटली संपली, पुढच्या महिन्यात आणू म्हणता म्हणता सहा महिने जातात. रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे आहे. ते आयुष्यभर घ्यायचे.

थेंब घालण्याची रीत

हात धुवा. मान मागे करा किंवा आडवे व्हा. खालची पापणी बोटाने खाली ओढा आणि त्या खोबणीत एकच थेंब टाका. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. डोळा मिटा आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरा. डोळ्यातून नाकात आणि घशात जाणारी नळी तिथूनच सुरू होते. ती दाबली की औषध डोळ्यातच राहते. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे सोडा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साधारण चार आठवड्यांनी उरलेले औषध टाकून द्या. काही थेंब फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, ते खोक्यावर वाचा.

हात थरथरत असतील तर नातवंडाला हे काम द्या. मुलांना जबाबदारी आवडते आणि रोजची वेळ ती आपल्यापेक्षा चांगली लक्षात ठेवतात.

रमजान, नमाज आणि सफर

रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने कित्येक जण महिनाभर थेंब बंद ठेवतात. काचबिंदूत एक महिना मोठा असतो. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली दहाव्या अधिवेशनात केलेल्या ठराव क्रमांक ९३ नुसार डोळ्यात घातलेल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, मात्र घशात काही उतरले तर ते गिळू नये. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत. शाफई आणि हनफी, दोन्ही मजहबांत डोळ्यातल्या सुरम्याने किंवा औषधाने रोजा तुटत नाही असेच मत प्रचलित आहे. वर सांगितल्याप्रमाणे नाकाकडचा कोपरा दाबून धरला तर थेंब घशात उतरण्याचा प्रश्नही बहुधा येत नाही. तरीही मन साशंक असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा आणि डॉक्टरांना सांगून वेळा बसवून घ्या. रोज एकदाचा थेंब रात्री घालता येतो आणि दोनदाचा सहरीला व इफ्तारनंतर. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

पोटातून घ्यायच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. असिटाझोलामाइडसारख्या गोळीने लघवी जास्त होते. ती चालू असेल तर रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच लागेल. इफ्तारला एका दमात लिटरभर पाणी पिऊ नये. थोड्या वेळात खूप पाणी प्याल्याने डोळ्याचा दाब काही काळ वाढतो. थोडे थोडे, अंतराने प्यावे.

डोके खाली गेले की डोळ्याचा दाब तेवढ्यापुरता वाढतो. शीर्षासनासारखी आसने काचबिंदूच्या रुग्णांनी टाळावीत असे डॉक्टर सांगतात. सजदा काही क्षणांचाच असतो. पण आजार पुढे गेलेला असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर सजद्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आजारी माणसाला खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत दीनमध्ये आहेच. वजूचे पाणी ऑपरेशन झालेल्या डोळ्यात किती दिवस जाऊ द्यायचे नाही, हेही विचारून घ्या.

हज-उमराहला जाताना थेंबांच्या पुरेशा बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत ठेवली आणि बॅग मागे राहिली तर पंचाईत.

मेडिकलमधले लाल डोळ्याचे औषध, सुरमा आणि घरगुती उपाय

डोळा लाल झाला, खाज आली की आपण मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळ्याचं औषध द्या’ म्हणतो. मिळालेल्या बाटलीत कित्येकदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही स्टिरॉइड आहेत. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. काही लोकांच्या डोळ्यात याने दाब वाढतो आणि पुढे काचबिंदू होतो. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण त्यांना महिनोन्‌महिने हे औषध घातले जाते. डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितले तेवढेच दिवस घाला. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणू नका.

सुरमा लावण्याची आपल्याकडे जुनी आवड आहे. पण बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे आढळले आहे आणि शिसे मुलांच्या वाढीला घातक असते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात सुरमा घालू नये. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी किंवा बकरीचे दूध यांपैकी कशानेही काचबिंदू बरा होत नाही. उलट जंतुसंसर्ग होऊ शकतो.

इस्लामी जगात डोळ्यांच्या इलाजाची परंपरा मोठी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादच्या अली इब्न ईसा यांनी डोळ्यांच्या रोगांवर लिहिलेला ‘तजकिरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ कित्येक शतके वैद्यांच्या हातात होता. कह्हाल म्हणजे डोळ्यांचा वैद्य. त्या काळातही डोळ्यासाठी जाणकाराकडेच जात असत, ही गोष्ट आपण घ्यायला हरकत नाही.

कुठे जावे आणि कोणत्या सवलती आहेत

मालवण परिसरातल्या लोकांनी सुरुवात ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा जवळच्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यापासून करावी. पुढच्या तपासणीसाठी सिंधुदुर्गनगरी, ओरोस येथील जिल्हा रुग्णालय आहे. कणकवली आणि सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. कोणत्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर असतात ते आशाताईंकडून किंवा फोनवर विचारून निघावे, म्हणजे एसटीचा फेरा वाया जात नाही. मोठ्या उपचारासाठी इथले लोक बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. जुने कागद, दाबाचे आकडे आणि स्कॅनचे रिपोर्ट एका फाइलीत ठेवून सोबत न्या. मागच्या आकड्यांशी तुलना केल्याशिवाय आजार वाढतोय की थांबलाय हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत कार्ड असेल तर आपला उपचार त्यात बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

नजर बरीच गेली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे. या कायद्यात फक्त तक्ता न वाचता येणारेच येतात असे नाही. नजरेचा घेर ४० अंशांहून कमी झाला तर तो अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी झाला तर अंधत्व धरला जातो. समोरचे दिसते म्हणून काचबिंदूच्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळणार नाही, हा समज चुकीचा आहे. बाजूच्या नजरेच्या तपासणीचा कागद घेऊन अर्ज करावा.

घराने आणि जमातीने काय करावे

घरात एकाला काचबिंदू निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांना त्याच आठवड्यात फोन करा. आजाराची लाज बाळगून किंवा मुलीच्या स्थळाच्या चिंतेने लपवू नका. लपवल्याने भावाची नजर जाऊ शकते.

मे महिन्यात आणि ईदला चाकरमानी गावी येतात, घर भरलेले असते. त्या सुटीतला एक दिवस सगळ्या मोठ्यांच्या डोळ्यांसाठी ठेवा. एक गाडी करून सगळे एकदम जाऊन आलात तर म्हातारे ‘उगाच कशाला’ म्हणत नाहीत.

दर मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. त्या आठवड्यातल्या जुम्याला नमाजनंतर दोन मिनिटे ही माहिती सांगता येईल. जमातीने शिबिर घ्यायचे ठरवले तर आयोजकांना आधीच सांगा की नुसता चष्म्याचा नंबर नको, दाब मोजायचे यंत्र आणि नस पाहणारे डॉक्टर हवेत. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली तर अम्मी आणि खालाही येतील. बंद कोनाचा काचबिंदू त्यांच्यातच जास्त असतो आणि तपासणीला त्याच सर्वांत कमी जातात. ज्याला दरमहा थेंब परवडत नाहीत अशा गरजू माणसाला सदका-जकातीतून मदत करता येईल. वर्षभराच्या थेंबांची जबाबदारी घेणे हे एका डोळ्याची नजर सांभाळण्यासारखे आहे.

सब्र मोठी गोष्ट आहे, पण ते इलाज करून झाल्यावरचे. हा लेख वाचणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने एवढेच आठवावे : आपल्या डोळ्याचा दाब आणि नस शेवटची कधी तपासली? उत्तर ‘कधीच नाही’ असे असेल तर या महिन्यातला एक दिवस ठरवा आणि घरातल्या मोठ्यांनाही सोबत घ्या.